तटस्थ पंच मागणारा कर्णधार

१९८६ च्या नोव्हेंबरात लाहोरच्या गद्दाफी स्टेडियमवर पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यातला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हा पांढरे कोट घालून मैदानात उतरलेले दोन्ही पंच भारतीय होते. एक व्ही. के. रामस्वामी आणि दुसरे आपले पिलू रिपोर्टर, महाराष्ट्र राज्य वीज मंडळात नोकरी करता करता पंचगिरीत नाव काढलेले पारशी गृहस्थ. यजमान देशाने पंचही आपलेच उभे करायचे, हा तोवरचा सर्वमान्य रिवाज होता. भारत आणि पाकिस्तान यांच्यात 'ब्रासटॅक्स' युद्धसरावावरून तणाव वाढत गेला तो याच हिवाळ्यात, आणि त्याच हिवाळ्यात पाकिस्तानच्या कर्णधाराने आपल्या घरच्या मैदानावर भारतीय पंचांच्या हाती निर्णय सोपवले. पाकिस्तानचा दुसरा डाव ७७ धावांत आटोपला आणि तीन दिवसांत संघ एक डाव आणि १० धावांनी हरला. पंच बदलावेत असे त्या कर्णधाराला तरीही वाटले नाही.

हा कर्णधार इम्रान खान होता. आपण जिंकलो तर जग म्हणते की पंचांनी जिंकवले, आणि बाहेर जाऊन हरलो तर आपण म्हणतो की पंचांनी हरवले. तेव्हा दोघांचाही नसलेला माणूस मध्ये उभा राहिल्याखेरीज आपल्या विजयाला किंमत येणार नाही, हा त्याचा साधा आणि बिनतोड युक्तिवाद होता. १९८९ मध्ये भारतीय संघ पाकिस्तानात गेला आणि कराचीत सचिन तेंडुलकरने पहिली कसोटी खेळली, त्या मालिकेत पंच म्हणून जॉन हॅम्पशायर आणि जॉन होल्डर हे दोन इंग्लिश गृहस्थ उभे होते, तेही याच आग्रहातून. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशाचे असावेत असा नियम आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने केला. इम्रानच्या ३६२ कसोटी बळींपेक्षा आणि विश्वचषकापेक्षाही क्रिकेटला त्याने दिलेली ही देणगी मला मोठी वाटते.

म्हणूनच पंतप्रधानपदावरून झालेल्या त्यांच्या पतनाची जी कारणे आपल्याकडे चघळली जातात ती मला अपुरी वाटतात. 'क्रिकेटपटूला राज्यकारभार काय कळणार' हे त्यातले सर्वांत आळशी कारण आहे. खेळाडूला राज्यकारभार कळत नसेल, तर वकिलाला, जमीनदाराला किंवा जनरलला तो उपजत कळतो असे मानायला पाकिस्तानच्या इतिहासात काहीच आधार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्या माणसाला तटस्थ पंचाचे मोल त्याच्या देशात इतर कोणाहीपेक्षा आधी आणि अधिक नेमके कळले होते, त्याने राजकारणात आल्यावर आपल्या बाजूचा पंच शोधला, तो मिळाल्यावर जिंकला, आणि त्या पंचाने आपण आता तटस्थ असल्याचे जाहीर केल्यावर तटस्थतेलाच शिवी दिली. त्यांच्या उदयाची आणि पतनाची गोष्ट एकच आहे.

येथे भाषेविषयी थोडे. मराठीत खेळाडू हा 'तो' असतो. सुनील, सचिन, कपिल, इम्रान यांना आपण एकेरीतच हाक मारतो आणि त्यात अनादर नसतो, उलट घरातल्या माणसाची जवळीक असते. पंतप्रधान मात्र 'ते' असतात आणि 'ते' म्हणताना आपण नकळत एक हात लांब उभे राहतो, हिशेब मागायला तेवढे अंतर लागतेच. मीही या लेखात मैदानावरच्या इम्रानला एकेरीत आणि पक्ष काढलेल्या इम्रान खान यांना आदरार्थी लिहितो आहे. पाकिस्तानच्या मतदाराला हा बदल करता आला नाही, आणि खुद्द इम्रान खान यांनाही तो नको होता. 'तो'वर असलेला विश्वास 'ते'च्या खात्यावर वळता करून घेणे, हेच खेळाडूच्या राजकारणाचे भांडवल असते.

आणि तो विश्वास फुकटचा नव्हता. पाकिस्तानच्या क्रिकेटमध्ये त्याने कर्णधाराच्या शब्दाला असे वजन मिळवून दिले की निवड समितीने यादी करावी आणि त्याने ती फिरवावी. वकार युनूस, इंझमाम उल हक ही त्याच्या नजरेने हेरलेली आणि हट्टाने खेळवलेली माणसे, आणि वासिम अक्रमही त्याच्याच हाताखाली घडला. १९९२ च्या विश्वचषकात ॲडलेडला इंग्लंडविरुद्ध संघ ७४ धावांत बाद झाला आणि पावसाने एक गुण पदरात टाकला. तिथून उठून हाच संघ २५ मार्चला मेलबर्नमध्ये त्याच इंग्लंडला २२ धावांनी हरवून जगज्जेता झाला. अंतिम सामन्यात चाळिशीला टेकलेल्या कर्णधाराच्या ७२ धावा होत्या आणि शेवटचा बळीही त्याचाच होता. चषक हातात घेतल्यावर त्याने आईच्या आठवणीसाठी लाहोरात उभारायच्या कर्करुग्णालयाचा विषय काढला. सहकाऱ्यांचे आभार मानायचे राहून गेले म्हणून मायदेशी टीकाही झाली. दोन्ही गोष्टी त्या एकाच भाषणात आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. लोकांच्या वर्गणीतून उभे राहिलेले शौकत खानम रुग्णालय १९९४ च्या डिसेंबरात सुरू झाले. आज त्यांचा कोणी कितीही द्वेष केला तरी ते रुग्णालय नाकारता येत नाही.

मात्र त्या यशातला एक धागा सहसा सुटतो. १९८७ च्या विश्वचषकानंतर इम्रानने निवृत्ती जाहीर केली होती, आणि त्याला परत बोलावले ते लष्करशहा जनरल झिया उल हक यांनी. देशासाठी परत ये, असे झियांनी जाहीर आवाहन केले आणि इम्रान वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला. यात काही गैर नव्हते. पण त्या देशात कोणाला मैदानात पाठवायचे आणि कोणाला घरी बसवायचे हे शेवटी कोण ठरवते, याचा धडा त्याला फार लवकर मिळाला होता एवढे खरे.

१९९६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी तहरीक-ए-इन्साफ, म्हणजे न्यायाची चळवळ, हा पक्ष काढला. १९९७ मध्ये एकही जागा आली नाही. २००२ मध्ये मुशर्रफ यांच्या सार्वमताला त्यांनी पाठिंबा दिला, पुढे त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला, आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत मियांवालीची स्वतःची एक जागा तेवढी जिंकली. २००८ च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. पंधरा वर्षे हा माणूस दूरचित्रवाणीवरच्या चर्चांत एकटाच बोलत असे आणि लोक त्याचे कौतुक करून मत दुसऱ्याला देत. ही चिकाटी खोटी नव्हती. ३० ऑक्टोबर २०११ रोजी लाहोरच्या मिनार-ए-पाकिस्तानखाली लाखोंची सभा झाली तेव्हा, दोन घराण्यांच्या पाळीपाळीच्या राज्याला कंटाळलेला शहरी तरुण त्यांच्यामागे खरोखरच उभा राहिला होता. ही सगळी गर्दी लष्कराने जमवली होती असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

यानंतर जे घडले ते भारतात फारसे कोणाला ठाऊक नाही आणि माझ्या मते तेच सगळ्यात बोलके आहे. पाकिस्तानातले पक्ष म्हणजे घराण्यांच्या खाजगी मिळकती. आम्ही मात्र पदाधिकारी मतदानाने निवडू, असे म्हणून इम्रान खान यांनी २०१२-१३ मध्ये पक्षांतर्गत निवडणुका घेतल्या. त्यांत पैसे वाटल्याच्या तक्रारी आल्या. तक्रारींची चौकशी करण्यासाठी त्यांनी लवाद नेमला आणि त्याच्या प्रमुखपदी न्यायमूर्ती वजीहुद्दीन अहमद यांना बसवले. याहून चांगला पंच त्या देशात मिळणे कठीण होते. मुशर्रफ यांच्या हंगामी घटना-आदेशाखाली शपथ घ्यायला नकार देऊन ज्यांनी सर्वोच्च न्यायालयाची खुर्ची सोडली, असे हे न्यायाधीश. लवादाने चौकशी केली आणि पैशाचा व सत्तेचा गैरवापर झाल्याचा निष्कर्ष काढून जहांगीर तरीन आणि खैबर पख्तूनख्वाचे तेव्हाचे मुख्यमंत्री परवेझ खट्टक यांच्यासह काही बड्या नेत्यांना पक्षातून काढण्याची शिफारस केली.

इम्रान खान यांनी लवादच बरखास्त केला. वजीहुद्दीन पुढे पक्षातून बाहेर पडले. तरीन राहिले. त्यांच्याकडे साखर कारखाने होते, खाजगी विमान होते, आणि निवडणूक जवळ येत होती.

लाहोरमध्ये स्वतःच्या पराभवाची जोखीम पत्करून परक्या पंचाला बोलावणारा माणूस आपल्याच पक्षातल्या पंचाचा निकाल मानू शकला नाही. मैदानावर त्याला जिंकण्याची खात्री होती म्हणून पंच निःपक्षपाती असला तरी चालत होता, आणि राजकारणात पंधरा वर्षे हरल्यावर ती खात्री उरली नव्हती, असे याचे एक स्पष्टीकरण देता येते. मला ते अर्धेच पटते. कर्णधारपदाची एक सवय असते: नियम पंचाने पाहावेत, पण संघात कोण असावे हे माझ्याशिवाय कोणी सांगू नये. क्रिकेटमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. पक्षात आणि राज्यात त्या वेगळ्या राहत नाहीत, कारण तिथे संघनिवड हाच नियमांचा विषय असतो.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध त्यांनी इस्लामाबादेत धरणे धरले. कंटेनरवर उभे राहून ते रोज संध्याकाळी सांगत की आता अम्पायरचे बोट वर जाणार. हा अम्पायर म्हणजे रावळपिंडीचे लष्करी मुख्यालय, हे समजायला कोणाला भाष्यकाराची गरज पडली नाही. १२६ दिवस बोट वर गेले नाही आणि पेशावरच्या शाळेतल्या मुलांच्या हत्याकांडानंतर धरणे उठले. बोट वर गेले ते तीन वर्षांनी. पनामा प्रकरणातून निघालेल्या खटल्यात, मुलाच्या कंपनीकडून न घेतलेला पगार जाहीर केला नाही या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०१७ रोजी तेव्हाचे पंतप्रधान नवाझ शरीफ यांना अपात्र ठरवले. निवडणुकीच्या तोंडावर त्यांना शिक्षा झाली आणि लंडनहून परतताच अटक झाली. दक्षिण पंजाबातले 'इलेक्टेबल', म्हणजे ज्याचे वारे त्याच्या शिडात भरणारे जागादार, रांगेने तहरीकमध्ये आले. २५ जुलै २०१८ च्या मतदानाच्या रात्री निकाल कळवणारी यंत्रणा बंद पडली. एवढे होऊनही तहरीकला थेट जागा ११६ मिळाल्या, बहुमत नाहीच. मग तरीन यांच्या विमानातून अपक्ष आमदार-खासदार इस्लामाबादेकडे निघाले, छोट्या पक्षांची मोट बांधली गेली आणि १८ ऑगस्टला इम्रान खान पंतप्रधान झाले. बिलावल भुट्टो यांनी संसदेत त्यांना 'सिलेक्टेड' म्हटले. क्रिकेटच्या माणसाला लागायला हवा तिथेच तो शब्द लागला.

त्यांच्या पावणेचार वर्षांच्या कारभाराला सरसकट अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. गरिबांना रुग्णालयाचा खर्च देणारे सेहत कार्ड, 'एहसास' ही मदत योजना, टाळेबंदी पूर्ण न लादता कोविड हाताळण्याचा निर्णय, कर्तारपूरचा मार्ग, या जमेच्या बाजू आहेत. पण संघ निवडणारी नजर इथे चालली नाही. पंजाबसारख्या प्रांताचे मुख्यमंत्री म्हणून त्यांनी उस्मान बुझदार या नवख्या आमदाराला बसवले आणि हा 'वासिम अक्रम प्लस' आहे असे सांगत राहिले. नेट्समध्ये चार चेंडू पाहून गोलंदाज ओळखता येतो. प्रांत चालवणारा माणूस तसा ओळखता येत नाही. अर्थखाते असद उमर, हफीझ शेख, हम्माद अझहर आणि शौकत तरीन असे चार हातांतून गेले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जाणार नाही म्हणत शेवटी सहा अब्ज डॉलरचा करार झाला, आणि खुर्ची हलू लागल्यावर पेट्रोल लिटरमागे दहा रुपयांनी स्वस्त करून त्याच कराराला हरताळ फासला गेला.

याहून गंभीर गोष्ट तुरुंगांची होती. नवाझ शरीफ, शाहबाझ शरीफ, आसिफ झरदारी, शाहिद खाकान अब्बासी असे समोरच्या संघाचे जवळजवळ सगळे प्रमुख खेळाडू त्यांच्या काळात आत जाऊन आले. जिओ वाहिनीच्या मालकाला जुन्या जमीनव्यवहारावरून महिनोन् महिने कोठडीत ठेवले गेले. हे सारे ज्या यंत्रणांनी केले त्या पंतप्रधानांच्या पूर्ण ताब्यात नव्हत्या हे मान्य. तरीही त्यांनी कधी हात वर करून 'हा बाद नव्हता' असे म्हटले नाही. सरकार आणि लष्कर 'एका पानावर' आहेत, हे ते अभिमानाने सांगत. लष्करप्रमुख जनरल बाजवा यांना तीन वर्षांची मुदतवाढ त्यांनीच दिली.

पान फाटले ते २०२१ च्या ऑक्टोबरात, आयएसआयच्या प्रमुखपदावरून. लष्कराने नवा प्रमुख ठरवला आणि पंतप्रधानांनी जवळपास तीन आठवडे सही अडवली. त्यानंतर लष्कर तटस्थ असल्याचे सूर येऊ लागले, आणि पाठोपाठ मित्रपक्षांचे पायही ढिले झाले. ८ मार्च २०२२ रोजी अविश्वास ठराव दाखल झाला. तीन दिवसांनी एका जाहीर सभेत इम्रान खान म्हणाले की तटस्थ तर फक्त जनावर असते. १९८६ चे लाहोर ज्यांच्या लक्षात आहे त्यांना हे वाक्य ऐकून काय वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको.

त्या तटस्थतेवर माझाही विश्वास नाही. सामना निम्म्यावर आल्यावर तटस्थ होणारा पंच हा दुसऱ्या बाजूला कौल देणाराच असतो. पण पंच पहिल्या चेंडूपासून पक्षपाती होता ही तक्रार त्याच्या कृपेने धावा काढलेल्या फलंदाजाला करता येत नाही. शेवटच्या चेंडूपर्यंत लढेन असे सांगणाऱ्या कर्णधाराने प्रत्यक्षात केले ते ३ एप्रिलला. उपसभापती कासिम सुरी यांनी परकीय कटाचे कारण देऊन राज्यघटनेच्या पाचव्या कलमाखाली काही मिनिटांत ठराव फेटाळला, आणि लगेच राष्ट्रपतींकरवी नॅशनल असेंब्ली बरखास्त झाली. आपल्या गल्लीत 'बाद' दिल्यावर बॅट काखेला मारून घरी जाणारा मुलगा असतो, कारण बॅट त्याची असते. त्याला आपण रडीचा डाव म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने हा डाव रद्द केला आणि ९ एप्रिलची मध्यरात्र उलटता उलटता १७४ मतांनी ठराव मंजूर झाला. अविश्वास ठरावाने पायउतार झालेले ते पाकिस्तानचे पहिले पंतप्रधान.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. पाकिस्तानात दुसरा मार्ग आहेच कुठे? झुल्फिकार अली भुट्टो अयूब खान यांच्या मंत्रिमंडळात वाढले, नवाझ शरीफ झियांच्या छायेत. एकाही पंतप्रधानाला आजवर पाच वर्षे पुरी करता आलेली नाहीत. मग एकट्या इम्रान खान यांनाच का धरायचे? याचे उत्तर असे की त्यांच्या आधी पोळलेल्यांनी निदान कागदावर तरी काही लिहिले होते. २००६ मध्ये लंडनमध्ये बेनझीर भुट्टो आणि नवाझ शरीफ यांनी लोकशाहीचा जाहीरनामा सही करून मान्य केला की सत्ता मिळवण्यासाठी किंवा निवडून आलेले सरकार पाडण्यासाठी लष्कराची मदत घ्यायची नाही. तो शब्द पुढे मोडला गेला, २०२२ नंतर तर उघड मोडला गेला. पण लोकांचा एवढा एकगठ्ठा विश्वास त्या दोघांपैकी कोणाकडेही नव्हता. इम्रान खान यांच्याकडे तो होता, आणि लष्कराशिवाय जिंकायला कदाचित आणखी एक निवडणूक हरावी लागली असती.

दूरच्या लायबेरियात एकाने ती किंमत मोजली. १९९५ चा जगातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेला जॉर्ज विया २००५ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक हरला, २०११ मध्ये उपाध्यक्षपदाची हरला, मग सिनेटमध्ये बसला आणि २०१८ च्या जानेवारीत अध्यक्ष झाला. त्यांचा कारभार काही आदर्श नव्हता. भ्रष्टाचाराचे आरोप होते, महागाई होती. २०२३ च्या नोव्हेंबरात दीड टक्क्याहूनही कमी मतांनी ते हरले, आणि प्रतिस्पर्ध्याला फोन करून त्यांनी पराभव मान्य केला. पद त्यांचेही गेले, पण त्यांना घालवले ते मतदारांनी.

पतनानंतर इम्रान खान यांच्या वाट्याला जे आले ते त्यांच्या चुकांच्या मानाने कितीतरी क्रूर आहे. वझिराबादला त्यांच्या पायात गोळ्या घातल्या गेल्या. ९ मे २०२३ रोजी उच्च न्यायालयाच्या आवारातून निमलष्करी जवानांनी त्यांना उचलले, त्यावर त्यांच्या समर्थकांनी लाहोरच्या कोअर कमांडरचे घर जाळले, आणि सामान्य नागरिकांवर लष्करी न्यायालयांत खटले चालले. ऑगस्टमध्ये तोशाखाना, म्हणजे सरकारला मिळालेल्या भेटवस्तूंच्या, प्रकरणात त्यांची रवानगी तुरुंगात झाली. मराठी माणसाला 'अटकेपार' या शब्दामुळे जे गाव ठाऊक आहे, त्याच अटकच्या तुरुंगात. त्यांची तिथली कैद चालू असतानाच सप्टेंबरच्या ३ तारखेला इकडे ठाण्यात पिलू रिपोर्टर वारले. २०२४ च्या निवडणुकीआधीच्या एका आठवड्यात तीन खटल्यांत तीन शिक्षा झाल्या. त्यांतल्या दोन पुढे वरच्या न्यायालयांत टिकल्या नाहीत. २०२५ च्या जानेवारीत आणखी एका प्रकरणात १४ वर्षे झाली.

आणि बॅट गेली. तहरीकने पक्षांतर्गत निवडणुका नीट घेतल्या नाहीत, या कारणावरून बॅट हे निवडणूकचिन्ह काढून घेण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी २०२४ रोजी कायम केला. लक्षावधी मतदारांचे चिन्ह तांत्रिक कारणावरून हिरावणारा हा निकाल मला अन्यायाचा वाटतो. पण त्या निकालाला लागलेले निमित्त वजीहुद्दीन यांच्या बरखास्त लवादाइतके जुने आहे. ८ फेब्रुवारीला त्यांचे उमेदवार मिळेल ते चिन्ह घेऊन अपक्ष म्हणून उभे राहिले, आणि मतदारांनी त्या चिन्हांच्या जंजाळातून त्यांना शोधून काढून नव्वदहून अधिक जागांवर निवडून दिले. लष्कराला नको असतानाही जिंकता येते, हे त्या दिवशी दिसले. २०१८ मध्ये त्यावर विश्वास ठेवण्याचे धैर्य नेत्याला झाले नव्हते.

मतदारांनी एवढे दाखवून दिल्यानंतरही, अटकहून पुढे जिथे हलवले गेले त्या रावळपिंडीच्या अदियाला तुरुंगातून इम्रान खान यांचे जे निरोप बाहेर येत राहिले, त्यांत एक मागणी वारंवार होती. मध्ये सरकारी समितीशी त्यांच्या पक्षाच्या काही बैठका झाल्या आणि फिसकटल्या. पण हे सरकार म्हणजे बाहुले आहे, त्याच्याशी बोलून काय होणार, बोलायचे तर ज्यांच्या हाती खरी सत्ता आहे त्या लष्कराशीच बोलेन, असे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.